बुडापेस्टमध्ये काय पाहाल?

युरोपचा नकाशा उघडा आणि डॅन्यूब नदीवर बोट ठेवून व्हिएन्नाहून पुढे चला. काही अंतरावर नदी एकदम दक्षिणेकडे वळते. त्या वळणाखाली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट वसली आहे. पश्चिमेचा डोंगराळ काठ बुडा, पूर्वेचा सपाट काठ पेस्ट. बुडा, ओबुडा आणि पेस्ट मिळून १८७३ साली हे एक शहर झाले.

प्रवासी प्रथम बुडाच्या टेकडीवर जातात. तेथील मातियास चर्च पाहताना ते कोणी बांधले एवढ्यावर थांबू नका. नंतर ते कोणी वापरले, हेही विचारा. उस्मानी सुलतान सुलेमानने १५४१ साली बुडा घेतले आणि या चर्चची मशीद झाली. १४५ वर्षांनी, १६८६ मध्ये, ख्रिस्ती फौजांनी शहर परत जिंकले व मशिदीचे पुन्हा चर्च झाले. आजचा त्याचा डौल बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. शेजारचा मच्छीमारांचा बुरूज तर १९०२ साली पूर्ण झाला. तो लढाईसाठी बांधलेलाच नव्हता, तरी छायाचित्रे त्याची खूप निघतात!

उस्मानी काळातल्या बहुतेक मशिदी गेल्या. हम्माम मात्र राहिले. कारण उघड आहे. टेकडीच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत आणि राज्य कोणाचेही असो, गरम पाणी सर्वांनाच हवे असते. रुदाश हम्मामात घुमटाखाली आठ खांब व मधोमध अष्टकोनी हौद आजही आहे. किराय हम्मामाची गंमत निराळी. तेथे झरा नव्हता, पण वेढा पडला तरी सैनिकांची सोय व्हावी म्हणून तो तटाच्या आत बांधला आणि पाणी दुरून नळाने आणले.

जवळच गुलबाबांचा मजार आहे. सुलेमानच्या लष्कराबरोबर आलेले हे बेक्ताशी दरवेश १५४१ सालीच येथे वारले. १६८६ नंतर जेझुइट पाद्र्यांनी त्या वास्तूत प्रार्थनामंदिर केले; त्यामुळे ती पाडली गेली नाही. पुढे तिची डागडुजी झाली. अलीकडचे मोठे काम २०१८ साली पुरे झाले. त्या भागाला लोक ‘गुलाबटेकडी’ म्हणतात.

आता साखळी पुलावरून पेस्टला या. दोन्ही काठ जोडणारा येथील हा पहिला कायमचा पूल १८४९ साली खुला झाला. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या दिवशी, २० नोव्हेंबर १९४९ रोजी, तो पुन्हा सुरू झाला.

पुढे नदीकाठी ९६ मीटर उंच घुमटाचे संसदभवन दिसते. ते जरूर पाहा, परंतु त्याच्या दक्षिणेला थोडे चालत जा. काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड मांडलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ‘ॲरो क्रॉस’ या हंगेरियन फासिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यू नागरिकांना येथे आणून गोळ्या घातल्या व प्रेते नदीत जाऊ दिली. त्याआधी बूट काढून घेत, कारण बुटांना किंमत होती. २००५ पासून हे स्मारक तेथे आहे. कामगाराचे बूट, टाचेचे बूट, आणि त्यांत अगदी लहान मुलांचेही. येणारे लोक त्यांत फुले ठेवतात.