आखरावरची गिधाडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी तेहेतीस वर्षे नोकरी केली. पद पशुधन पर्यवेक्षकाचे. पण खेड्यात सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला 'डॉक्टर' म्हणतात, तसे मलाही म्हणत. अशा माणसाला पक्ष्यांबद्दल बोलायला बोलावले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. मला वाटले नाही. कारण गिधाडांच्या नाहीशा होण्याची गोष्ट रानात घडली नाही, ती गोठ्यात घडली. आणि त्या गोष्टीत थोडा मीही आहे.

नोकरीची पहिली वर्षे घाटंजी-पांढरकवडा भागात गेली. तो १९८१-८२ चा काळ. तेव्हा प्रत्येक गावाला एक आखर असे. सकाळी गावची ढोरे तिथे जमायची आणि गायकी त्यांना घेऊन रानात जायचा. आखरापासून थोडे दूर, नाल्याच्या काठी, मेलेली जनावरे टाकायची जागा. कुणाचा बैल मेला की तो तिथे ओढून नेत. आधी कावळे येत, मग कुत्री. मग आभाळात एक ठिपका दिसे. तो खाली उतरू लागला की लांबवर घिरट्या घालणारे दुसरे गिधाड ते पाही, त्याला पाहून तिसरे. बघता बघता चाळीस-पन्नास पक्षी गोळा होत. तासाभरात बैलाचा सांगाडा उरे. वास नाही, माश्या नाहीत. पोट भरले की ती जवळच्या अर्जुनाच्या झाडावर पंख पसरून बसत. त्या झाडाची पाने त्यांच्या विष्ठेने चुना लावल्यासारखी पांढरी दिसत.

या जागेला आणखीही एक इतिहास आहे, तो सांगितला पाहिजे. मेलेले ढोर ओढणे, त्याचे कातडे सोलणे हे काम गावाने जातीच्या जोरावर काही माणसांवर लादले होते. बाबासाहेबांच्या हाकेनंतर त्यांनी ते सोडले आणि योग्यच केले. म्हणजे गावाची घाण उपसणारे दोघे होते, एक माणूस आणि एक पक्षी. गावाने दोघांनाही अशुभ ठरवले. माणसाने नकार दिला. पक्षी काम करत राहिला.

तसे आपल्या परंपरेत गिधाडाला मोठा मान आहे. सीतेला सोडवायला रावणाशी झुंजला तो जटायू. त्याचे अंत्यसंस्कार स्वतः रामाने केले, असे रामायण सांगते. नाशिक जिल्ह्यातले सर्वतीर्थ टाकेद हे ते ठिकाण, अशी लोकांची श्रद्धा आहे. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाज आपले मृतदेह याच पक्ष्याच्या स्वाधीन करत आला. पण रोजच्या बोलण्यात मात्र गिधाड ही शिवीच राहिली. आणि पक्षी इतके मुबलक होते, की ते मोजावेत असे कुणाला वाटले नाही. देशात एके काळी चार कोटी गिधाडे असावीत, असा अंदाज पुढे मांडला गेला. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची गणना जगातल्या सर्वांत संख्येने मोठ्या शिकारी पक्ष्यांत होत असे.

मग १९९४च्या सुमारास आमच्याकडे एक औषध आले. डायक्लोफिनॅक. माणसांसाठी ते सत्तरच्या दशकापासून होते. आता जनावरांसाठी आणि स्वस्तात मिळू लागले. आपला जिल्हा कापसाचा. मृगाचा पाऊस पडला की शेतकऱ्याच्या हाती पेरणीचे मोजके दिवस असतात आणि नेमका तेव्हाच बैल पाय धरतो. रात्री-बेरात्री माणूस दारात उभा राही, "सायेब, बैलाले उभा करा, नाई तं वावर पडीक राह्यते." मी सुई टोचायचो. थोड्या वेळात बैल उठायचा, वैरणीला तोंड लावायचा. त्या माणसाचा चेहरा आजही आठवतो. इतके गुणकारी औषध माझ्या हातात पूर्वी कधी आले नव्हते. त्याचा मी भरपूर वापर केला. माझ्या जागी दुसरा कुणीही असता, तरी त्याने हेच केले असते.

आखरावरची गिधाडे कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली, हे मला सांगता येत नाही. हीच मोठी लाजेची गोष्ट आहे. एका वर्षी पंधरा होती, पुढे चार, मग अर्जुनाचे झाड हिरवे झाले. लोक म्हणाले, बरे झाले, झाड वाचले. आम्हाला वाटले, पक्षी दुसरीकडे गेले असतील.

लक्ष ठेवून होते ते राजस्थानात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस घरटी मोजली होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी तेव्हा होती. १९९६मध्ये ते पुन्हा मोजायला गेले, तेव्हा निम्मीही उरली नव्हती. पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसत आणि काही दिवसांत झाडाखाली मरून पडत. संशय आधी शेतातल्या कीटकनाशकांवर गेला, मग एखाद्या विषाणूवर. उत्तर मिळाले पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकन पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली. बहुतेकांच्या आतल्या इंद्रियांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली होती. असा थर असलेले २५ पक्षी तपासले, सर्वांत डायक्लोफिनॅक सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेले १३ तपासले, एकातही नाही. २००४च्या जानेवारीत हे 'नेचर' या नियतकालिकात छापून आले.

म्हणजे घडत होते ते असे. इंजेक्शन दिलेला बैल दोन-तीन दिवसांत मेला, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडत. एका बैलावर चाळीस-पन्नास पक्षी जेवत, म्हणून शंभरात एक जनावर जरी असे असले, तरी साऱ्या जातीचा नाश व्हायला पुरे. शास्त्रज्ञांचा हिशेब तर एक टक्क्याहूनही कमी निघाला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. त्यांना कुणी गोळी घातली नव्हती. बैलाच्या दुखण्यावर केलेल्या दयेने ती मेली.

२००६मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध त्याच वर्षी पुढे आले. आमच्याकडे परिपत्रक आले, मी ते वाचले, फाइलला लावले. आता कबुलीची गोष्ट. २००९च्या आषाढात एक शेतकरी माणसांच्या औषधांच्या दुकानातून तीस मिलिलिटरची डायक्लोफिनॅकची बाटली घेऊन आला. माझ्याकडचे मेलॉक्सिकॅम संपले होते. बैल विव्हळत होता. बंदी मला माहीत होती. तरी मी टोचले. मनात म्हटले, गिधाडे उरलीत कुठे आता? बैल बरा झाला, कुणाचे काही बिघडले नाही. पण देशभर माझ्यासारख्या किती जणांनी हेच मनात म्हटले असेल, याचा विचार मी पुष्कळ उशिरा केला. अशा मोठ्या बाटल्या बंद होऊन माणसांसाठी तीन मिलिलिटरचीच कुपी ठेवायचा आदेश निघाला तो २०१५मध्ये. पुढे २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक आणि त्यानंतर निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झाले.

गिधाडे गेल्यावर त्यांचे काम थांबले नाही, ते कुत्र्यांकडे गेले. मढ्यावर पोसलेल्या कुत्र्यांचे कळप आपण सर्वांनी पाहिले आहेत. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात दरवर्षी सुमारे एक लाख माणसे जास्त मेली, असा निष्कर्ष काढला आहे. पिसाळलेली कुत्री आणि दूषित पाणी ही त्यांनी दाखवलेली मुख्य कारणे.

आता पुनर्वसनाचे. २०१६च्या संक्रांतीनंतर आमच्या गल्लीतली पोरे पोत्यात घालून एक घार घेऊन आली. पंखात नायलॉनचा मांजा रुतलेला. पोरांनी प्रेमाने तिच्या चोचीत दूध ओतले होते. मी तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, भोके पाडली, झाकण लावले आणि वन विभागाला कळवले. तिथून ती नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या उपचार केंद्रात गेली. काही आठवड्यांनी ती उडाली, असा निरोप आला तेव्हा पोरांनी गल्लीत पेढे वाटले. मग त्यांतल्या एकाने विचारले, "आजोबा, गिधाडाले पण असंच बरं करता येते का?"

मला 'नाही' म्हणावे लागले. मांज्याची जखम शिवता येते, उन्हाने कोसळलेल्या पक्ष्याला उभे करता येते. पण डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडे गेलेले गिधाड दोन-चार दिवसांत मरते, त्यावर इलाज नाही. म्हणून त्याचे पुनर्वसन फार लांबच्या वाटेने करावे लागते. हरियाणात पिंजोरला २००१मध्ये गिधाडांचे केंद्र सुरू झाले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची पिल्ले तिथे वाढून घरट्याबाहेर पडली ती २००८मध्ये. आपल्या विदर्भात गडचिरोलीच्या वन विभागाने गिधाडांसाठी 'उपाहारगृहे' काढली. तिथे औषधमुक्त मढी ठेवतात आणि राखणीला गावचीच माणसे असतात. जानेवारी २०२४मध्ये पिंजोरहून दहा गिधाडे ताडोब्यात आणि दहा पेंचमध्ये आणली. आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर यंत्रे लावून ती पावसाळ्यात मोकळी केली. काही दगावली. ताडोब्याचे एक तर हजारो किलोमीटर फिरून तमिळनाडूत पोहोचले आणि तिथे विजेच्या तारेचा धक्का लागून मेले.

यात आपल्या जिल्ह्याचा काय संबंध? नकाशा काढून पाहा. गिधाड अन्नासाठी सहज शंभर किलोमीटर जाते. म्हणून ते सोडायचे, तर भोवतीचा शंभर किलोमीटरचा मुलूख औषधमुक्त हवा, असा शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. ताडोब्याभोवती तेवढे वर्तुळ काढले, तर आपले वणी, मारेगाव, झरी हे तालुके त्यात येतात आणि टिपेश्वरचे जंगल त्याच्या काठाशी येते. पिंजोरला वीस वर्षे राबून वाढवलेला पक्षी झरीच्या एखाद्या नाल्यावर उतरेल, तेव्हा त्याचे जगणे-मरणे तिथल्या गोठ्यात ठरलेले असेल.

म्हणून निवृत्तीनंतर मी शाळांमधून आणि पोळ्याच्या तोंडावर गावांमधून बोलत असतो. योगायोग असा, की सप्टेंबरचा पहिला शनिवार हा जगभर गिधाड जागृती दिन म्हणून पाळतात आणि आपला पोळाही त्याच सुमारास येतो. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या माणसाला मी फार थोडे सांगतो. बैल दुखत असेल तर मेलॉक्सिकॅमच मागा. इंजेक्शन दिलेले जनावर चार दिवसांत मेले तर खोल पुरा. वाघावर राग म्हणून मढ्यात विष कालवू नका. जखमी घार, घुबड, शिकरा सापडला तर दूध-पाणी पाजू नका, अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवा.

एका गावी एक म्हातारे उठून म्हणाले, "आमची मानसं फवारनीनं मेली, तवा कोन आलं? तुमाले पाखरायचं पडलं." त्या प्रश्नावर सभा गप्प झाली. २०१७मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते कोण विसरेल? मी म्हणालो, "बाबाजी, बोंडअळीसाठी आणलेलं विष माणसाच्या अंगात गेलं. बैलासाठी आणलेलं औषध पाखराच्या अंगात गेलं. ज्याच्यासाठी आणलं, त्याच्यावरच ते थांबत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?" म्हातारे काही बोलले नाहीत. सभा संपल्यावर मात्र जवळ आले आणि म्हणाले, "त्या दुसऱ्या औषधाचं नाव कागदावर लिहून द्या."

मी लिहून दिले. खिशात आता तशा चिठ्ठ्या तयारच ठेवतो.