खातेवहीपासून क्रेडिट अहवालापर्यंत : पहिले गृहकर्ज आणि कर्जाच्या नोंदीचा इतिहास

रायपूरमध्ये नोकरीला लागलेला तरुण पहिल्या घरासाठी कर्ज मागतो, तेव्हा बँक त्याच्या पगारासोबत त्याचा क्रेडिट अहवालही पाहते. शैक्षणिक कर्जाचे चार हप्ते थकले असतील, तर अर्ज तिथेच अडू शकतो. कर्जदाराची नोंद कोण ठेवतो आणि ती कर्जदाराला पाहता येते का, हा वाद आपल्याकडे किमान दीडशे वर्षे जुना आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा आढावा घेऊ.

१. सुपे, १८७५

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि दख्खनमध्ये सावकारी कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मिळेनासे झाले, जुने मात्र वाढतच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. या उठावात लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि खातेवह्यांवर होता. त्या हाती लागतील तिथे जाळल्या गेल्या. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्यावर अंगठा उठवलेल्या कागदाचीच सत्ता होती.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. केवळ रोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला.

२. मध्य प्रांत, १९३४

रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडल्यावर येथे १९३३ चा कर्ज-तडजोड कायदा आणि १९३४ चा सावकारी कायदा आला. सावकाराने नियमित हिशेब ठेवावा आणि दरवर्षी कर्जदाराला त्याची प्रत द्यावी, असे बंधन घालण्यात आले.

३. गृहकर्ज आणि सिबिल

पगारदार मध्यमवर्गासाठी दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाची वाट १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत स्थापन केलेल्या एचडीएफसीने रुंद केली. ऑगस्ट २००० मध्ये सिबिलची स्थापना झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. पुढे २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने या व्यवहाराला चौकट दिली. आज सिबिलखेरीज एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही कंपन्या ही माहिती ठेवतात. गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि माहिती किमान ७ वर्षे जतन केली जाते.

इथे एक प्रश्न पडतो. घरच तारण आहे, तर जुना डाग कशाला पाहायचा? तारणाचा लिलाव हा बँकेचा शेवटचा उपाय असतो. तो वेळखाऊ आणि खर्चिक आहे. वीस वर्षे हप्ता वेळेवर येईल का, हा तिचा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर ती जुन्या सवयीत शोधते.

४. डाग कसले, उपाय कोणते?

सगळे डाग सारखे नसतात. हप्ता काही दिवस उशिरा भरणे ही एक गोष्ट, ९० दिवसांहून अधिक थकल्याने खाते अनुत्पादक ठरणे ही दुसरी. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तो ‘क्लोज्ड’ इतका निर्दोष मानला जात नाही. मित्राला जामीन राहिलात आणि तो थकला, तरी त्याची झळ तुम्हाला लागते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी अहवाल मागवावा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. खरी थकबाकी असेल तर ती पूर्ण फेडून बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंद बदलली की नाही ते पाहावे. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून लागू केली आहे. त्यानंतर काही काळ हप्ते वेळेवर भरून, स्वतःचा वाटा अधिक ठेवून किंवा कमावत्या जोडीदाराला सहकर्जदार करून अर्ज करावा. एकाच महिन्यात दहा ठिकाणी अर्ज केल्यास ती प्रत्येक चौकशीही नोंदली जाते. गृहवित्त कंपन्या कधी कधी कमी गुणांकावरही कर्ज देतात, पण व्याज जास्त असते. वीस वर्षांत त्या फरकाची किती मोठी रक्कम होते, हे सही करण्यापूर्वी मांडून पाहावे.

सारांश

सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्या नावावर काय लिहिले आहे ते कळत नव्हते, म्हणून त्याने वही जाळली. १८७९, १९३४ आणि २००५ च्या कायद्यांनी नोंद पाहण्याचा हक्क टप्प्याटप्प्याने कर्जदाराच्या हाती दिला. खरी थकबाकी त्या हक्काने पुसली जात नाही. पण काय फेडायचे आणि काय दुरुस्त करून घ्यायचे, हे त्यामुळेच कळते.

स्वाध्याय

१. दख्खनच्या उठावात खातेवह्या का जाळल्या गेल्या?
२. ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्के आणि १२ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता आणि एकूण व्याज यांतील फरक काढा.