मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने

अर्थशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाव उभे राहतात. कांदा महागला, सोने उतरले, मागणी वाढली की किंमत चढली. पण कितीतरी गोष्टी नुसते पैसे मोजून मिळत नाहीत. कॉलेजातला प्रवेश, नोकरीची पहिली जागा, लग्नाचे स्थळ. तिथे आपण पसंत करून भागत नाही, समोरच्यानेही आपल्याला पसंत करावे लागते. अशा दुहेरी पसंतीच्या बाजाराचे एक शास्त्र गेल्या साठ वर्षांत उभे राहिले. गंमत अशी, की त्यातले एक मोठे उत्तर शास्त्रज्ञांच्या दहा वर्षे आधी अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींनी शोधून ठेवले होते, आणि तेही अगदी नाइलाज झाला म्हणून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वैद्यकीय शिक्षण संपवणारा विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात इंटर्न म्हणून राहत असे. रुग्णालयांना थोड्या पैशांत राबणारी हुशार मुले हवी असत, आणि मुलांपेक्षा जागा जास्त होत्या. मग जो तो दुसऱ्याच्या आधी विद्यार्थी गाठू लागला. यंदा वसंतात, पुढच्या वर्षी त्याआधीच्या हिवाळ्यात, असे करता करता 1944 पर्यंत पदवीला दोन वर्षे बाकी असतानाच नेमणुका पक्क्या होऊ लागल्या. आपल्याला शस्त्रक्रिया जमेल की बालरोग, हे तेव्हा त्या मुलालाच ठाऊक नसे, मग रुग्णालयाला काय कळणार?

1945 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांनी एक उपाय केला. ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्याचे गुण आणि शिफारसपत्रे कोणालाही द्यायची नाहीत. घाई थांबली, पण दुखणे दुसरीकडे सरकले. ज्याला तिसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाचे बोलावणे आले आणि पहिल्या पसंतीच्या ठिकाणी ज्याचे नाव प्रतीक्षायादीत आहे, तो उत्तर शेवटच्या घटकेपर्यंत लांबवणारच. रुग्णालयांना ते परवडेना. विचार करायला 1945 मध्ये दहा दिवस दिले होते, पुढच्या वर्षी आठ. 1949 मध्ये महाविद्यालयांच्या संघटनेने सुचवले, की 15 नोव्हेंबरला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने तारेने बोलावणी जावीत आणि विद्यार्थ्याने दुपारी बारापर्यंत कळवावे. रुग्णालयांच्या संघटनेला हे बारा तासही फार वाटले! शेवटी ठरावात लिहिले गेले, की थांबण्याचे बंधन कोणावरही नाही, आणि नेमक्या त्या मिनिटाला पोहोचाव्यात म्हणून तारा आधीच देऊन ठेवायला हरकत नाही. आयुष्याची दिशा ठरवणारा निर्णय मध्यरात्री, तारवाल्याला दारात उभे करून. 1950 मध्ये बारा तास परत आले, पण तारेमागोमाग टेलिफोन करू नये, असेही बजावावे लागले.

या खेळाला सगळेच कंटाळले होते. म्हणून विद्यार्थ्यांनी रुग्णालयांचे आणि रुग्णालयांनी विद्यार्थ्यांचे पसंतीक्रम एका मध्यवर्ती कचेरीकडे पाठवावेत आणि कचेरीने जोड्या लावाव्यात, अशी योजना निघाली. तिची एक चाचणीही झाली. पण पोरे हुशार. त्यांच्या ध्यानात आले, की यात पहिल्या पसंतीला अवाजवी वजन आहे. अवघड रुग्णालय पहिले लिहिले आणि ते हुकले, तर दुसरे तोवर भरून गेलेले असे, मग त्या दुसऱ्याला तुम्ही कितीही हवे असा. म्हणजे मनातले खरे लिहिणाऱ्याला शिक्षा. हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रेन याच्या पुढाकाराने मुलांनी समिती केली आणि पर्यायी पद्धत मांडली. ती स्वीकारली गेली आणि 1952 मध्ये पहिली जुळणी झाली. जागा दहा हजारांहून अधिक, उमेदवार सुमारे सहा हजार. सक्ती नसतानाही 95 टक्क्यांहून जास्त लोक सामील झाले. हेंड्रेन पुढे बालशल्यचिकित्सेतले मोठे नाव झाले.

या पद्धतीचे मर्म आपल्याकडच्या कोणत्याही वधूपित्याला चटकन कळेल. आलेल्या स्थळाला लगेच होकार द्यायचा नाही, नकारही द्यायचा नाही. ‘कळवतो’ म्हणून हातचे ठेवायचे. याहून चांगले आले तरच आधीचे सोडायचे. सोडलेला पुढच्या दारी जातो. नवे स्थळ कोणाकडेच जायचे उरले नाही, की हातात असेल ते पक्के. असे केले की शेवटी एकमेकांना अधिक पसंत असूनही वेगळी राहिलेली जोडी उरत नाही, आणि ठरलेले मोडून पळून जायला कोणाला कारणही राहत नाही.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये कॉलेजप्रवेश आणि विवाह यांवर एक छोटा निबंध लिहून नेमके हेच सिद्ध केले. रुग्णालयांची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. दोन्ही एकच आहेत, हे 1984 मध्ये अल्विन रॉथ यांनी दाखवले. त्यातून एक अडचणीची बाबही पुढे आली. या पद्धतीत जो मागणी घालतो त्याचे भले होते आणि हातचे राखणाऱ्याचे तितकेसे होत नाही. अमेरिकेत मागणी घालत होती रुग्णालये! विद्यार्थ्यांनी भांडून मिळवलेल्या पद्धतीतच पारडे समोरच्या बाजूला झुकलेले होते.

ब्रिटनच्या अनुभवाने रॉथ यांना आणखी एक पुरावा मिळाला. तिथे साठच्या दशकात निरनिराळ्या भागांनी आपापल्या जुळणीपद्धती सुरू केल्या होत्या. न्यूकॅसल आणि बर्मिंगहॅमच्या पद्धतींत ‘पळून जाण्यासारख्या’ जोड्या उरत. त्या मोडीत निघाल्या. एडिंबरो आणि कार्डिफच्या टिकल्या.

मधल्या काळात अमेरिकेत मुली मोठ्या संख्येने डॉक्टर होऊ लागल्या आणि नवराबायको दोघे उमेदवार असल्याची उदाहरणे वाढली. दोघांना एकाच गावी जागा हवी, त्यामुळे कित्येक जोडपी जुळणीबाहेर आपले आपण जमवू लागली. रॉथ यांनी दाखवून दिले, की जोडपी आली की स्थिर जुळणी सापडेलच याची गणितातही हमी नाही. तरीही 1995 मध्ये नवी रचना करण्याचे काम त्यांच्याचकडे आले. 1998 पासून मागणी विद्यार्थ्यांच्या बाजूने सुरू होते. बदलाचा परिणाम हजारात एखाद्याच उमेदवारावर होईल, असा हिशेब निघाला. तो एक जण आपण असलो तर, हा प्रश्न मात्र उरतोच. मुंबई-पुण्याहून तिकडे रेसिडेन्सीसाठी जाणारे आपले डॉक्टरही बहुतेक याच जुळणीतून जातात.

रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल 2008 मध्येच वारले होते. पण सगळे समाधानी होते असे नाही. 2002 मध्ये काही निवासी डॉक्टरांनी न्यायालयात फिर्याद केली, की या व्यवस्थेमुळे पगाराबद्दल बोलणी करायला वावच राहत नाही, आणि आठवड्याला ऐंशी तास राबूनही मोबदला तुटपुंजा मिळतो. माझ्या मते त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. जुळणीच्या पद्धतीत पसंतीक्रम लिहायला जागा असते, पगाराचा आकडा लिहायला नसते. खटला चालू असतानाच, 2004 मध्ये अमेरिकी संसदेने निवृत्तिवेतनाविषयीच्या एका कायद्यात चार ओळी घालून या जुळणीला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. त्याच वर्षी खटला फेटाळला गेला आणि अपिलातही टिकला नाही.