आलमूतचे फिदाई आणि फाशांचा खेळ

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होऊन 'मी दार फोडतो', 'मी अंधारात लपतो' असे सांगत जातात आणि जमले की नाही ते फासे ठरवतात. आज आमची मुले संगणकावर तलवारी परजतात, त्यातल्या कितीतरी खेळांची बाराखडी याच टेबलावर गिरवली गेली. मराठीत या खेळाची दखल फारशी कुणी घेतलेली नाही. आम्ही ती घेतो आहोत, कारण त्यात आपल्या इतिहासाचा एक तुकडा अडकून पडला आहे.

पहिल्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. प्रत्येकाला इतरांना न जमणारे काही जमते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. जादूगाराने मंत्र आधीच पाठ करून ठेवायचा आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांवरून उचललेली. धर्मगुरू जखमा भरतो, भुतांना पिटाळतो. मात्र धारदार शस्त्राला त्याने हात लावायचा नाही. शक्ती आणि तिची किंमत असा हा जमाखर्च असतो. पण तो मांडणाऱ्याच्या मनात त्या माणसाविषयी जी समजूत असते, तीही त्यात उतरते.

१९७५ साली या खेळाच्या दोन पुरवण्या निघाल्या. पहिलीत 'पॅलॅडिन' आला, दुसरीत 'अ‍ॅसॅसिन'. पॅलॅडिन म्हणजे शार्लमेन बादशहाच्या दरबारातले शूर सरदार. त्यांची कीर्ती ज्या रोंसेस्वालच्या लढाईवर उभी आहे, ती ७७८ साली झाली. तिथे फ्रँकांच्या पिछाडीवर तुटून पडले ते बास्क डोंगरी लोक. तीनशे वर्षांनंतरच्या काव्याने त्यांना मुसलमान करून टाकले. खेळात या सरदाराला काय मिळाले? हाताच्या स्पर्शाने जखम भरण्याची शक्ती आणि रोगराईपासून अभय.

आणि अ‍ॅसॅसिनला? वेषांतर, विष आणि दगाबाजीने जीव घेण्याचे कसब. १९७८ च्या विस्तारित नियमांत त्याला दुष्ट असण्याची अटच घातली गेली. मारेकऱ्याची पायरी आणि सावजाची पायरी यांचा मेळ घालून खून साधण्याची टक्केवारी देणारा तक्ताही खेळात होता. शेवटच्या, पंधराव्या पायरीवर जो पोहोचतो त्याचा किताब 'अ‍ॅसॅसिनांचा आजोबा'. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातला 'पहाडावरचा म्हातारा' इथे सरळ ओळखू येतो.

हा म्हातारा कोण? हसन सब्बाहने १०९० साली इराणातला आलमूतचा किल्ला घेतला आणि निजारी इस्माईलींची छोटी पण चिवट सत्ता उभी केली. बलाढ्य सेल्जुकांशी मैदानात लढण्याचे बळ नव्हते, म्हणून त्यांच्या फिदाईंनी निवडक वजीर-सरदारांना गाठून मारले. १०९२ साली वजीर निजामुल्मुल्कची हत्या झाली ती सूफी दरवेशाच्या वेषात आलेल्या माणसाकडून, असे सांगतात. तेव्हा वेषांतराची शक्ती अगदीच हवेतली नाही. त्या हत्यांवर पांघरूण घालण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. पण विष? फिदाईंचे हत्यार खंजीर होते. वार बहुधा भर दरबारात किंवा भर मशिदीत होई आणि मारणारा क्वचितच जिवंत परते. विष लांबून देता येते, देणारा निसटून जातो. फिदाईची सारी दहशत तर तो निसटत नाही यातच होती. खेळ रचणाऱ्यांनी नेमकी ही किंमत वगळली आणि कसब तेवढे ठेवले.

भांग पाजून बागेत नेण्याची आणि तिलाच जन्नत म्हणून दाखवण्याची जी गोष्ट पोलोने जगभर केली, तिला त्या काळच्या मुसलमान इतिहासकारांत आधार सापडत नाही. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली या दंतकथांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मग 'हशीशिया' हा शब्द आला कुठून? आमच्या मते सगळ्यात बोचणारी बाब हीच आहे: ही शिवी मुसलमानांनीच मुसलमानांना दिलेली होती. कैरोच्या फातिमी दरबाराने आपल्या निजारी प्रतिस्पर्ध्यांना उद्देशून १२व्या शतकात ती लेखी वापरली. अर्थ एवढाच की हे हलके, बेताल लोक. क्रुसेडवाल्यांनी ती सीरियात ऐकली, शब्दशः घेतली आणि गोष्ट रचली. आपसातल्या भांडणातला एक शब्द आठशे वर्षांनी फाशांच्या तक्त्यात जाऊन बसला.

त्याच किल्ल्यात नसीरुद्दीन तूसीसारखा गणिती आणि खगोलज्ञ वर्षानुवर्षे राहिला होता. १२५६ साली हुलागूने आलमूत घेतले, तेव्हा इतिहासकार जुवैनीने तिथले ग्रंथालय चाळले. कुरआनाच्या प्रती आणि ग्रहताऱ्यांची उपकरणे बाजूला काढली, पाखंडी वाटले ते जाळले. आलमूतवरून विद्वानाचाही एक पात्रवर्ग बेतता आला असता. तो कुणी बेतला नाही.

हा इतिहास अमेरिकेला दूरचा असेल, मुंबईला तो घरचा आहे. आलमूतच्या इमामांचा वारसा सांगणारे पहिले आगाखान १९व्या शतकात मुंबईत स्थिरावले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची मजार आहे. १८६६ च्या आगाखान खटल्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकाल देताना आलमूतपर्यंतचा सारा वृत्तांत मांडला. १९४६ साली मुंबईतच इस्माईली सोसायटी स्थापन झाली आणि रशियन पंडित इवानोव यांच्या हातून निजारींचे स्वतःचे ग्रंथ छापून येऊ लागले. म्हणजे खेळ निघाला तेव्हा दुसरी बाजू छापील रूपात उपलब्ध होती. असो.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ वर्गांतून अ‍ॅसॅसिन काढून टाकला गेला. २००० साली तो परत आला, दुष्टपणाची अट कायम ठेवून. २०१४ च्या आवृत्तीत तो भामट्यांच्या वर्गाची एक शाखा झाला आणि ती अट गेली. आता तो कुठल्याही मुलखाचा भाडोत्री मारेकरी आहे. नाव मात्र तेच.

१९९२ साली जेफ ग्रब यांनी याच खेळासाठी 'अल-कादिम' हे अरबी कथांच्या धर्तीचे जग रचले. त्यात फिदाई 'पवित्र मारेकरी' होऊन पुन्हा हजर आहेतच. धर्म कल्पित आहे, देवही कल्पित. इस्लामला हात लावलेला नाही आणि ते बरेच झाले. पण आम्हाला त्यातला एक वर्ग खरोखर आवडला: 'शाइर'. प्रत्येक कवीचा एक जिन असतो आणि तोच त्याच्या कानात ओळी सांगतो, असे इस्लामपूर्व अरब मानत. अब्कर नावाची जिनांची एक दरीच ते सांगत. असामान्य प्रतिभेला 'अब्करी' म्हणतात ते त्यावरूनच. हे ग्रब यांनी वाचले असावे असे त्यांची रचना पाहून वाटते. त्यांचा शाइर मंत्र पाठ करत नाही. त्याच्या दिमतीला एक लहानगा जिन असतो. हवा तो मंत्र आणायला शाइर त्याला पाठवतो. मंत्र जितका दुर्मीळ, तितका जिनाला वेळ जास्त लागतो आणि कधी तो रिकाम्या हातांनीही परततो. इतर जादूगारांना सकाळीच ठरवावे लागते. शाइरला काहीही मागता येते, फक्त वाट पाहावी लागते. शक्ती आणि किंमत दोन्ही एकाच जुन्या श्रद्धेतून आलेल्या, बाहेरून काही चिकटवलेले नाही.

एवढे करून त्या शाइराच्या शक्तींत काव्याला जागा नाही. जिन ठेवला, कविता गाळली. हाच अरबी शब्द आपल्याकडे 'शाहीर' झाला आणि पेशवाईच्या अखेरीस जेजुरीचा मुसलमान शिकलगार सगनभाऊ तो मिरवत डफावर लावण्या गात होता. त्याच्या दिमतीला जिन असल्याचे कुणी लिहून ठेवलेले नाही.