कलावंताची कमाई आणि सरकारचा हिशेब: मोहतर्फ्यापासून टीडीएसपर्यंत

१/
गेल्या वर्षी एका प्रकाशकासाठी मी किल्ल्यांचे नकाशे रेखाटले. ठरलेले मानधन ६०,००० रुपये. खात्यात जमा झाले ५४,०००. उरलेले ६,००० ‘कर म्हणून कापले’ असे उत्तर मिळाले. कर भरून झाला, विषय संपला, असे मी समजले. ती समजूत चुकीची होती. ती का चुकीची होती हे शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज या धाग्यात मांडते.

२/
आरंभी एक साधा प्रश्न. नोकरदाराचे उत्पन्न सरकारला सहज दिसते, कारण पगार देणारा कुणीतरी असतो आणि त्याच्या वहीत आकडा असतो. चित्रकार, गायक, नकाशाकार, मूर्तिकार यांची कमाई मात्र त्यांच्या स्वतःच्याच वहीत असते. पुष्कळदा वहीतही नसते. मग ती मोजायची कशी? स्वतंत्र कलावंतावरील कराचा सारा इतिहास या एका अडचणीवर काढलेल्या निरनिराळ्या तोडग्यांचा इतिहास आहे.

३/
पहिला तोडगा फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाहेरगावाहून येणाऱ्या वादक-नर्तकांच्या मंडळींनी खेळापोटी पाच पण द्यावेत असे सांगितले आहे. राजकोश रिता झाला असता काय करावे, हे सांगणाऱ्या प्रकरणात तर नट-गायकादी रंगोपजीवींनी आपल्या कमाईचा अर्धा भाग द्यावा अशी तरतूद आहे. हा ‘अर्धा’ लक्षात ठेवावा. धाग्याच्या उत्तरार्धात तो वेगळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

४/
दुसरा तोडगा आपल्या घरचा. मराठा अंमलात दुकानदार, उदमी आणि कारागीर यांच्यावर ‘मोहतर्फा’ नावाची पट्टी होती. तिचे तत्त्व सोपे होते: उत्पन्न मोजू नये, डोळ्यांना दिसणारी वस्तू मोजावी. घर, दुकान, माग, घाणा. मागावर वर्षभरात किती कापड निघाले आणि ते कोणत्या भावाने गेले, याची चौकशी करण्याची गरजच उरत नसे.

५/
या पद्धतीचा गुण तोच तिचा दोष. मोजणी सोपी आणि विणकराच्या कोठीत कारकुनाची ढवळाढवळ कमी. पण मंदीच्या वर्षीही मागाची पट्टी तितकीच. कसबी कारागिराची आणि नवशिक्याची आकारणी एकाच मापाने होण्याचा धोका तिच्यात होताच.

६/
कंपनी सरकारने ही पट्टी बरीच वर्षे चालू ठेवली. अखेर १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरील इतर पट्ट्या रद्द झाल्या. कारागिराची सुटका झाली असे वाटावे, तोच भरपाई म्हणून मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला. सुरतेत लोक खवळले आणि तो बारा आण्यांवर आणावा लागला. धंद्यावरची पट्टी गेली ती सर्वांच्या ताटात मीठ होऊन परतली.

७/
तिसरा तोडगा १८६० चा. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीला मोठी तूट आली होती. ‘द इकॉनॉमिस्ट’ या नियतकालिकाचे संस्थापक जेम्स विल्सन यांना विलायतेहून वित्त सदस्य म्हणून पाठविण्यात आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि २४ जुलैपासून हिंदुस्थानात आयकर सुरू झाला. त्याच ऑगस्टात कलकत्त्यात विल्सन आजारी पडून वारले.

८/
त्या कायद्यात उत्पन्नाचे चार वर्ग होते: जमीनजुमला, व्यवसाय व व्यापार, रोखे, आणि पगार व निवृत्तिवेतन. वर्षाला २०० रुपयांखालील उत्पन्नास माफी. २०० ते ५०० पर्यंत शेकडा दोन. त्यापुढे शेकडा चार. स्वतःच्या हुन्नरावर जगणारा मनुष्य दुसऱ्या वर्गात आला. राज्य प्रथमच त्याला विचारू लागले: तू स्वतःच सांग, वर्षात किती मिळविलेस?

९/
हा प्रश्न त्या काळी अत्यंत अप्रिय ठरला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना परत बोलाविण्यात आले. १८६५ मध्ये कर संपुष्टात आला. पुढे परवाना कर, प्रमाणपत्र कर, पुन्हा आयकर असे प्रयोग १८७३ पर्यंत चालले. हिशेब मागणे सोपे, तो तपासणे कठीण, हे सरकारच्या ध्यानात आले होते.

१०/
आता या इतिहासातील सर्वांत बोचरे पान. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून १८७८ मध्ये परवाना कर बसविला. मुंबई इलाख्यासाठी त्याचा स्वतंत्र कायदा झाला. कर कोणावर? व्यापारी, दुकानदार आणि कारागीर यांच्यावर. वकील, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी मात्र त्यातून सुटले.

११/
म्हणजे लोहाराने दुष्काळ निवारणासाठी पैसे द्यावेत आणि त्याची आकारणी करणाऱ्या साहेबाने देऊ नयेत. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत दुकाने बंद झाली, दंगल उसळली, गोळीबार झाला. लवकरच अफगाण युद्धाचा खर्च वाढला आणि दुष्काळासाठी दिलेले वचन सरकारने मोडले अशी कठोर टीका झाली. करदात्याचा विश्वास गमावण्यास एवढे पुरेसे होते.

१२/
ही विषमता १८८६ च्या आयकर कायद्याने बरीच दूर केली. पगार, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि ‘इतर साधने’ असे चार भाग झाले. ५०० रुपयांखाली माफी. मोठ्या उत्पन्नावर रुपयास पाच पै. आता वकीलही आला आणि साहेबही. चित्रकार मात्र ‘इतर’ या शब्दाच्या पोटात गेला. पुढची कित्येक दशके तो तिथेच होता.

१३/
नेमक्या याच काळात कलावंताचे जगणे पालटत होते. मुंबईत जे. जे. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले होते. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला आणि दरबारातील देवदेवता घरोघरच्या भिंतींवर पोहोचल्या. राजाश्रयाकडून गिऱ्हाइकाकडे असा हा प्रवास होता. आश्रिताला इनाम मिळते; बाजारात उभ्या राहिलेल्या कलावंताला उत्पन्न मिळते, आणि उत्पन्नाला कर लागतो.

१४/
१९२२ च्या कायद्यात ‘व्यावसायिक कमाई’ असे स्वतंत्र कलम होते आणि १९३९ मध्ये ते धंद्याच्या कलमात विलीन झाले. १९६१ च्या कायद्याने ‘धंदा किंवा व्यवसाय यांतील नफा’ हे शीर्षक कायम ठेवले. यातील ‘नफा’ हा शब्द महत्त्वाचा. कर मानधनावर नाही. मानधनातून रंग, कागद, संगणक, प्रवास, जागेचे भाडे असा कामाचा खर्च वजा जाता जे उरते त्यावर आहे. कित्येक तरुण कलावंत आजही एकूण जमेलाच उत्पन्न समजतात.

१५/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, आणखी एक प्रथा आली: कमवाल तसा भरा. हाच आजचा आगाऊ कर. कापलेली रक्कम वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक निघत असेल, तर स्वतंत्र व्यावसायिकाने १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या तारखांना हप्ते भरायचे. न भरल्यास व्याज. युद्धाच्या निकडीतून आलेली पद्धत युद्ध संपल्यावरही टिकून राहिली.

१६/
मग माझे ६,००० रुपये कुठून आले? १ जुलै १९९५ पासून व्यावसायिक शुल्कावर स्रोताच्या जागीच करकपात सुरू झाली. आज तिचा दर सर्वसाधारणपणे शेकडा १० आहे. मूळ अडचण आठवा: कलावंताची कमाई कोणाला दिसत नाही. त्यावर तोडगा असा निघाला की पैसे देणाऱ्याला तर ती दिसते ना, मग त्यालाच कापायला लावू. ज्या अर्थाने पगारदाराला मालक असतो, त्या अर्थाने आता प्रत्येक प्रकाशक माझा तात्पुरता मालक झाला.

१७/
येथेच माझी चूक होती. ही कपात म्हणजे अंतिम कर नव्हे. ती केवळ उचल आहे. वर्षाअखेरी विवरणपत्र भरून खरा कर काढायचा. कपात कमी पडली तर उरलेला भरायचा, जास्त झाली तर परतावा मागायचा. माझे सारे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली होते. सहाच्या सहा हजार माझे होते. पण मागितल्याविना ते परत येत नाहीत. आपल्या नावावर किती कपात जमा आहे हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर २६ एएस या विवरणात दिसते. तेथे रक्कम दिसत नसेल, तर प्रथम कापणाऱ्याला विचारावे.

१८/
आता तो ‘अर्धा’. २०१६ च्या वित्त कायद्याने कलम ४४ एडीए आणले. ठरावीक व्यवसायांतील लोकांची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोख जमा शेकडा ५ च्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत), तर तिचा अर्धा भाग नफा मानला जातो. तपशीलवार वह्या ठेवण्याची सक्ती नाही आणि आगाऊ कर १५ मार्चला एकाच हप्त्यात. कौटिल्याच्या तरतुदीत अर्धी कमाईच राजाकडे जाई. येथे अर्ध्यावर फक्त कर मोजला जातो. तरी मोजण्याचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच. आमची मोहतर्फ्याची युक्तीही फार दूर नाही!

१९/
पण ‘ठरावीक व्यवसाय’ कोणते? वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, गृहसजावट वगैरे. आणि त्यांत ‘चित्रपट कलावंत’. त्याच्या व्याख्येत नट, छायालेखक, दिग्दर्शक, गायक, गीतकार, पटकथाकार, वेशभूषाकार असे सारे आहेत. पुस्तकाचे मुखपृष्ठ काढणारा चित्रकार, नकाशाकार, शिल्पकार यांचे नाव नाही. चित्रपटाचे गीत लिहिले तर यादीत. कवितासंग्रहाची चित्रे काढली तर यादीबाहेर. अशांनी हे कलम आपल्याला लागू होते असे गृहीत धरू नये. खर्चाच्या पावत्या जपाव्यात आणि एकदा तरी सनदी लेखापालाला विचारावे.

२०/
कलावंत कोण, हा प्रश्न कधीकधी थेट न्यायासनासमोर जातो. परदेशातून येणाऱ्या उत्पन्नावर कलावंत व खेळाडूंना पूर्वी कलम ८० आरआर अन्वये सवलत होती. जाहिरातींतील उत्पन्न आपण अभिनेता म्हणून मिळविले, असे सचिन तेंडुलकर यांचे म्हणणे होते. २०११ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने ते मान्य केले. कायद्याच्या शब्दात बसणे किती मोलाचे असते याचे हे उदाहरण.

२१/
शेवटी एक लहान कर, ज्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू केला. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातील वार्षिक कमाल मर्यादा २५० रुपये होती; १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. स्वतंत्र व्यावसायिकाने नावनोंदणी करून हा कर स्वतः भरायचा असतो. नोकरीत तो पगारातून जातो, म्हणून नोकरी सोडून कलेकडे वळलेले अनेक जण येथेच अडखळतात.

२२/
हा कर का आला? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडायला आणि बांध घालायला उतरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा मिळावा म्हणून शहरी कमावत्यांवर व्यवसाय कर बसला. कायद्याच्या उद्देशिकेतच या योजनेचा उल्लेख आहे. पुढे २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

२३/
१८७८ आणि १९७५ शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही वेळी निमित्त दुष्काळाचे, दोन्ही वेळी कर धंद्या-व्यवसायावर. पहिल्या खेपेस कारागिराने भरला, वकील सुटला आणि वचन डळमळले. दुसऱ्या खेपेस वकील, डॉक्टर, अधिकारी, कलावंत सारेच आले, आणि पैसा कशासाठी आहे हे कायद्यातच लिहिले गेले. सुरतेत दुकाने का बंद झाली याचे अर्धे उत्तर या फरकात आहे.

२४/
१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो. कलमांचे क्रमांक बदलतात, ‘कर वर्ष’ हा सुटसुटीत शब्द येतो; वर दिलेले जुने क्रमांक त्या दृष्टीने वाचावेत. मूळ अडचण मात्र कौटिल्याच्या काळची तीच: कलावंताची कमाई मोजायची कशी?

२५/
त्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर कलावंताच्या स्वतःच्या वहीत असते. ती नसेल तर दुसरा कोणीतरी आपला हिशेब मांडतो. कधी माग मोजून, कधी दहावा हिस्सा कापून, कधी अर्धा गृहीत धरून. मी आता एक वही केली आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, कोपऱ्यात कपात. पहिली नोंद त्या सहा हजारांची आहे, आणि परताव्याची तारीख लिहायला शेजारी जागा सोडली आहे.

धागा समाप्त. आपल्या घरी जुन्या परवाना कराच्या किंवा मोहतर्फ्याच्या पावत्या असतील तर त्यांविषयी जरूर लिहा, वाचायला आवडेल.