पस्तिशीची अट

खांदेश्वरला आमच्या गच्चीवरून २५ डिसेंबर २०२५पासून नव्या विमानतळाची विमाने दिसतात. ती पाहून मला नर्गेश मिर्झांचा खटला आठवतो. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला (कामाआधी रूप सांगणारा हा शब्द आपलाच!) तेव्हा पस्तिशीत, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी घरी बसावे लागे. पुढची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. बरोबरीचे पुरुष मात्र अठ्ठावन्नपर्यंत. त्यांच्या सुरकुत्यांनी प्रवाशांचा चहा कधी बेचव झाला नाही! तरुण, देखण्या मुलीच अवघड प्रवाशांना सांभाळतात, असा युक्तिवाद झाला. १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रीत्वाचा अपमान ठरवला, गरोदरपणाची अट आणि साहेबांची मर्जी दोन्ही रद्द केली. लग्नाची अट मात्र कुटुंबनियोजनाचा दाखला देऊन राहू दिली.