झाडीपट्टी रंगभूमीचे नेपथ्य

मराठी नाट्येतिहासाचा आरंभ सामान्यतः १८४३ साली सांगलीत झालेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानतात, धानोऱ्यासह गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या झाडीपट्टीतील रंगभूमीचे मूळ मात्र टेंभ्यांच्या उजेडातील दंडारीत शोधले जाते. धानाची कापणी आटोपल्यावर, बहुधा शंकरपटाच्या निमित्ताने, येथे उघड्या मैदानावर रात्रभर नाटक चालते. म्हणून नेपथ्य गुंडाळून नेता येणाऱ्या रंगीत पडद्यांचे व वेशभूषा दुरून ओळखू येणारी असते. ध्वनीचे महत्त्व विशेष: वरून टांगलेल्या ध्वनिक्षेपकाखाली येऊन नट संवाद म्हणतो, त्यामुळे त्याच्या हालचालीही तेथेच बांधल्या जातात. या योजनेस केवळ उणीव समजणे योग्य नव्हे. ती परिस्थितीतून सिद्ध झालेली पद्धती आहे. २०२३ साली नटवर्य परशुराम खुणे यांना पद्मश्री लाभली. पडदे रंगविणाऱ्यांची नोंद झाल्याविना मात्र हा इतिहास अपुराच राहील.